चमचा तो, सुरी ती, ताट ते: या वयात जर्मन शिकावी का?

या महिन्यात जर्मनबद्दलचे प्रश्न एवढे आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकासाठी ठेवलेत. तिघांची पत्रं घेतली, तिघंही नागपूरचे, तिघांचंही शिक्षण संपून बरीच वर्षं झालेली, आणि तिन्ही पत्रांत एक वाक्य आहेच की ताई आता या वयात जमेल का. मी स्वतः ३६व्या वर्षी जर्मन शिकायला लागले आणि आता ११ वर्षं झाली शिकवतेय, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, पहिलं उत्तर लांबलंय पण ते तसंच राहू दिलं.

प्रश्न: ताई नमस्कार, मी ५८ वर्षांची आहे, त्रिमूर्ती नगरात राहते, मागच्या वर्षी शाळेतून रिटायर झाली. मुलगा आणि सून ६ वर्षांपासून श्टुटगार्टला आहेत, नातू ३ वर्षांचा झाला आणि तिकडच्या किटामध्ये म्हणजे पाळणाघर-बालवाडीत जाते. व्हिडिओ कॉलवर आमचं मराठी त्याला सगळं समजते पण उत्तर जर्मनमध्येच देते आणि मी इकडे नुसती मान हलवून राहिली. पुढच्या मे महिन्यात ३ महिन्यांसाठी जायचं आहे. इथे एका क्लासला नाव टाकलं होतं, सगळे १९-२० वर्षांचे पोट्टे आणि शिकवणं सगळं इंग्लिशमधून, माझं इंग्लिश कामापुरतं. सर म्हणाले आंटी तुम्हाला कशाला एवढं टेन्शन, तुम्ही नुसतं बसा. दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. यजमान म्हणतात काहून डोक्याला ताप करून घेतेस. तुम्ही सांगा, शिकू का?
– एक आजी

उत्तर: काकू, शिका. आधी हेच सांगते, कारणं मग.

तुम्हाला वर्गात जे बोलले त्याचं मला खरंच वाईट वाटलं. आयुष्यभर ज्या बाईने मुलांना शिकवलं तिला नुसतं बसा म्हणणं बरोबर नाहीच. पण तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे शिकवणं इंग्लिशमधून होतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तसंच चालतं आणि माझ्या मते मराठी माणसाची निम्मी अडचण तिथेच तयार होते, कारण जर्मनमधल्या ज्या गोष्टी इंग्लिशवाल्याला विचित्र वाटतात त्यातल्या कितीतरी आपल्या तोंडात लहानपणापासून आहेत आणि आपण त्या उगाच इंग्लिशच्या दारातून आत आणतो.

स्वयंपाकघरातच बघा ना. आपण चमचा तो म्हणतो, सुरी ती म्हणतो, ताट ते म्हणतो, कोणी शिकवलं का आपल्याला? जर्मनमध्ये पण तीन लिंगं आहेत, डेर म्हणजे तो, डी म्हणजे ती, डास म्हणजे ते. चमचा डेर ल्योफेल, काटा डी गाबेल, सुरी डास मेस्सर. टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन वस्तू आणि तिघांचं लिंग वेगळं, इंग्लिशमधून शिकणारा इथे कपाळाला हात लावतो पण आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. मात्र एक सावध राहा, लिंग ही कल्पना आपली तीच असली तरी वस्तूगणिक जुळेलच असं नाही. घर ते, डास हाउस. पाणी ते, डास वासर. पुस्तक ते, डास बूख. इथपर्यंत छान जुळतं आणि लगेच खुर्ची निघते डेर श्टूल म्हणजे तो, आणि दार निघतं डी ट्युअर म्हणजे ती. त्यामुळे प्रत्येक नाम त्याच्या डेर-डी-डाससकटच पाठ करायचं, नुसतं श्टूल असं कधी वहीत लिहायचंच नाही.

मुलीला जर्मनमध्ये डास मेटशेन म्हणतात, म्हणजे ‘ते’. लोक यावर हसतात की मुलीला नपुंसकलिंग कसं. अहो आपण नाही का म्हणत, ते पोरगं, ते लेकरू, ते बाळ. जर्मनमध्ये शेवटी शेन लागलं की शब्द छोटा आणि लाडका होतो आणि कायम डास होतो. बेकरीत सकाळी मिळणारे छोटे पाव ते ब्र्योटशेन, म्हणजे ब्रोट या मोठ्या पावाचं लेकरूच. आणि तुम्ही जाताय त्या श्टुटगार्टकडे शेनच्या ऐवजी ले लावतात, तिकडच्या बोलीत घराचं हॉयस्ले होतं. बोली वेगळी आणि पुस्तकातली भाषा वेगळी हे वऱ्हाडी ऐकत मोठं झालेल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आपण मला थंडी वाजते म्हणतो, मी थंड आहे असं म्हणत नाही. जर्मन माणूस पण मिअर इस्ट काल्ट म्हणतो, मिअर म्हणजे मला. मेमध्ये आपलं जे होतं ते मिअर इस्ट हाइस, मला गरम होतंय. मला हे घर आवडतं हे मिअर गेफेल्ट डास हाउस. इंग्लिशमध्ये आधी विचार करणारी माझी हुशार हुशार मुलं इश बिन काल्ट लिहून येतात, ज्याचा अर्थ होतो मी थंड स्वभावाचा माणूस आहे. आणि एकदा वर्गात एक बाई, वय पन्नाशीच्या पुढे, मी काही सांगायच्या आधीच म्हणाल्या की मॅडम हे तर आपलं ‘मला’ आहे. त्या दिवसापासून मी हा धडा मराठीतूनच घेते.

आणि हे वाक्य बघा. वाइल माइन एन्केल डॉर्ट वोन्ट. वाइल कारण, माइन माझा, एन्केल नातू, डॉर्ट तिथे, वोन्ट राहतो. कारण माझा नातू तिथे राहतो. शब्दाखाली शब्द ठेवा, एकही हलवावा लागत नाही, क्रियापद आपल्यासारखं शेवटी. यजमानांनी परत काहून म्हटलं तर हेच वाक्य ऐकवा.

आकडे पण तसेच. चौपन्न म्हणताना आपण आधी चार म्हणतो मग पन्नास, जर्मन फिअर-उंड-फ्युन्फ्त्सिश, चार आणि पन्नास. आपल्याकडे दीडला स्वतंत्र शब्द आहे, त्यांच्याकडे पण आहे, आंडर्टहाल्ब. पावणेचारला श्टुटगार्टकडे खूप जण ड्रायफिअर्टल फिअर म्हणतात, म्हणजे चारातला पाऊण झाला. पण एका ठिकाणी हमखास फसाल म्हणून आत्ताच सांगते, हाल्ब फिअर म्हणजे साडेचार नाही, साडेतीन! चारकडे जाताना अर्धा तास झाला असा हिशोब आहे. नातवाला किटातून आणायची वेळ ऐकताना हे लक्षात ठेवा नाहीतर पोरगं तासभर वाट बघेल.

उच्चारांचं बोलायचं तर त्यांचा झेड म्हणजे आपला चूल आणि चोरमधला च, तो तुम्हाला येतोच. डब्ल्यू म्हणजे व, आणि व्ही बहुतेक वेळा फ. ओठ ‘ऊ’ म्हणताना होतात तसे करून ‘ई’ म्हणायचं की ‘यू’ या अक्षरावर दोन टिंबं असलेला स्वर येतो, तो आठवडाभर आरशासमोर म्हणा. आणि आपण बोलताना ये ना, ये जरा असं म्हणतो त्यातला ना आणि जरा जसा कुठल्याच डिक्शनरीत नीट सापडत नाही तसे त्यांचे डॉख आणि माल आहेत. कॉम डॉख म्हणजे ये ना. कॉम माल म्हणजे ये जरा. नातवाच्या तोंडी हे दोन शब्द सारखे येत असणार, उद्याच्या कॉलवर कान देऊन ऐका.

मराठीची मदत कुठे होत नाही तेही सांगते. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसतं, शेवटी नाही. काही क्रियापदं फुटतात आणि त्यांचा एक तुकडा वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो. आपण घरात, घरावर असं शब्दाच्या मागे लावतो, ते पुढे लावतात. आणि डेर-डी-डास हे विभक्तीप्रमाणे बदलत राहतात, डेर कुठे डेन होतो कुठे डेम. याला वेळ लागतो, सगळ्यांनाच लागतो, विशीतल्यांना पण.

आता किती वेळ द्यायचा. ग्योथे इन्स्टिट्यूट ही जर्मन शिकवणारी संस्था, म्हणजे आपण ज्याला मॅक्सम्युलर भवन म्हणतो, त्यांच्या अंदाजाने ए-वन या पहिल्या पातळीला ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात. तासिका म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. रोज एक तासिका धरली तर ५ महिन्यांत १५० होतात, म्हणजे मेपर्यंत आरामात. डॉयचे वेले या जर्मन वाहिनीचा ए-वनपासून बी-वनपर्यंतचा म्हणजे पहिल्या तीन पातळ्यांचा मोफत कोर्स मोबाइलवर आहे, छोटे छोटे व्हिडिओ आहेत, तो लावा, आणि समजावून सांगायला आठवड्यातून दोनदा कोणीतरी मराठी बोलणारं बघा, एखादी जर्मन शिकलेली कॉलेजची मुलगी सुद्धा चालेल. सुनेला सांगा रोज एक व्हॉइस मेसेज पाठव, एकच वाक्य, आज किटात काय झालं ते.

आणि परीक्षेच्या भानगडीत पडू नका. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर जाताय, त्याला भाषेचं सर्टिफिकेट लागत नाही. फक्त तो व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो, मे जून जुलै मिळून ९२ होतात, तिकीट काढताना दिवस मोजा.

शेवटची गोष्ट, यावर तुम्ही माझ्याशी भांडलात तरी चालेल. नातवाशी तुम्ही मराठीतच बोला. जर्मन त्याला किटात, बागेत, मित्रांत भरपूर मिळतेय, मराठी त्याला घरच्या दोघांकडून आणि तुमच्याकडूनच मिळणार आहे. तुमची जर्मन कशासाठी, तर तो काय म्हणतो ते कळावं म्हणून, आणि शेजारच्या आजीला जिन्यात नमस्कार करता यावा, बेकरीत दोन ब्र्योटशेन मागता यावेत, किटाच्या बाईंनी काही विचारलं तर दोन वाक्यं बोलता यावीत म्हणून. त्या बाईंना विचारा किंडरगार्टन म्हणजे काय, किंडर म्हणजे मुलं आणि गार्टन म्हणजे बाग, १८४० मध्ये फ्र्योबेल नावाच्या शिक्षकाने दिलेलं नाव आहे, आणि मग त्यांना सांगा आमच्याकडे बालवाडी म्हणतात, बाळांची वाडी. दोन शिक्षिकांना बोलायला विषय मिळेल.

एक वाक्य मात्र त्याच्याशी जर्मनमध्ये बोला. डू फेल्स्ट मिअर. तुझी आठवण येते असं आपण म्हणू, पण शब्दशः आहे ‘तू मला कमी पडतोस’. परत तेच ‘मला’.

प्रश्न: ताई, मी ३३ वर्षांची आहे, जीएनएम झालं आहे, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये ९ वर्षांपासून स्टाफ नर्स आहे. जर्मनीला नर्स पाहिजेत असं सगळीकडे ऐकून राहिली. एका एजंटने सांगितलं ४ महिन्यांत बी-टू करून देतो, ओरिजिनल सर्टिफिकेट आमच्याकडे जमा करा. माझी नाइट ड्युटी पण असते. हे जमण्यासारखं आहे का? घरी ६ वर्षांची मुलगी आहे.
– एक सिस्टर

उत्तर: सिस्टर, मागणी खरी आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केलाय आणि त्यात नर्सिंग आहे. पण करार आहे म्हणून बोर्ड लावून बसलेला प्रत्येक माणूस त्या कराराचा आहे असं होत नाही. ओरिजिनल सर्टिफिकेट कोणालाही देऊ नका, कॉपी द्या. ओरिजिनल मागणाऱ्याकडे परत जाऊच नका असंच मी माझ्या बहिणीला सांगितलं असतं.

४ महिन्यांचा हिशोब तुम्हीच करून बघा. शून्यापासून बी-टू या चौथ्या पातळीपर्यंत साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात. ४ महिने म्हणजे १७ आठवडे, म्हणजे आठवड्याला ३५ ते ४७ तासिका, नाइट ड्युटी करून आणि मुलीचं सगळं बघून. हे शक्य नाही आणि न जमल्यावर तुम्हाला वाटेल की मीच मठ्ठ आहे, तसं व्हायला नको. आठवड्याला १० तासिका धरा, म्हणजे सव्वा ते दीड वर्ष, आणि ड्युटीचं वेळापत्रक बदलतं म्हणून मी तर २ वर्षं धरेन. ए-वन झालं की थांबून विचार करा, बी-वन झालं की परत करा, कारण तिथे बहुतेक ठिकाणी नर्स म्हणून पूर्ण परवानगीसाठी बी-टू लागतं आणि शिवाय तुमचं शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी ताडून बघतात, कमी पडलं तर तिकडे जाऊन काही महिन्यांचा कोर्स किंवा परीक्षा असते. सहाय्यक म्हणून काम करत ते पूर्ण करता येतं. मुलीला कधी नेता येईल हे पहिल्याच मुलाखतीत विचारा, संकोच करू नका.

ग्योथेच्या बी-टूच्या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. एक गेला तर तेवढाच परत देता येतो, चारही परत द्यावे लागत नाहीत, हे खूप जणांना माहीतच नसतं. मॅक्सम्युलर भवन पुण्याला आणि मुंबईला आहे, हैदराबादला ग्योथे-त्सेंट्रुम आहे, आपल्याला तेही जवळच पडतं, तारखा आणि फी त्यांच्या साइटवरच बघायची, एजंटच्या तोंडून नाही. त्यांचे ऑनलाइन वर्ग पण असतात, नाइट असलेल्या आठवड्यात ते बरे.

पेशंटशी बोलणं तुम्हाला लवकर येईल असं मला वाटतं. टूट एस हीअर वे, इथे दुखतं का. रोज शंभरदा तुम्ही हेच तर विचारता. तिकडे पण नर्सला वर्षानुवर्षं श्वेस्टर म्हणत आले, म्हणजे बहीणच, आपल्या सिस्टरसारखं. तो शब्द आणि संस्कृतमधला स्वसृ एकाच मुळाचे. हल्ली अधिकृत नाव फ्लेगेफाखफ्राउ झालंय, अर्जात तेच लिहा.

प्रश्न: मी बुटीबोरीला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, आयटीआय फिटर, वय ४४. आमच्याकडे दोन जर्मन मशीन आहेत आणि मॅन्युअलचं इंग्लिश भाषांतर अर्धवट आहे. मला कुठे जायचं नाही, बोलायचं नाही, फक्त वाचता आलं पाहिजे. एवढ्यासाठी कोणी भाषा शिकते का?

उत्तर: दादा, नक्की शिकतात, आणि तुमचं कारण मला या तिन्ही पत्रांत सगळ्यात नेमकं वाटलं. नुसतं वाचायचं असेल तर बोलण्याची भीती, उच्चार, परीक्षा हे सगळं बाजूला ठेवता येतं. ए-वनचं व्याकरण मात्र ३-४ महिने नीट करा, त्याशिवाय ‘हा नट आधी सैल करा’ आणि ‘हा नट आधी सैल करू नका’ यातला फरक सुटतो, आणि तो सुटून चालणार नाही.

तांत्रिक जर्मन म्हणजे आपले समास. श्राउबे म्हणजे स्क्रू, श्ल्युसल म्हणजे किल्ली, श्राउबेनश्ल्युसल म्हणजे स्क्रूची किल्ली, तुमचा पाना. ड्रेमोमेंट म्हणजे टॉर्क, एरझाट्सटाइल म्हणजे स्पेअर पार्ट, वार्टुंग म्हणजे मेंटेनन्स. शेवटी उंग आलं की तो शब्द डी, हे जवळपास पक्कं. लांब शब्द दिसला की घाबरायचं नाही, मागून तोडत यायचं, शेवटचा तुकडा मुख्य असतो. नागपूर मेट्रोला २०१६ मध्ये ५० कोटी युरोचं कर्ज देणारी केएफडब्ल्यू ही जर्मन सरकारी बँक आहे ना, तिच्या नावातला शेवटचा शब्द वीडरआउफबाउ. वीडर परत, आउफबाउ बांधणी, म्हणजे पुनर्बांधणी, कारण ती १९४८ मध्ये युद्धानंतर देश परत उभा करायला काढली होती. तुम्ही रोज हाताळता त्या बोल्टचा डिन नंबर पण तिथलाच, डिन म्हणजे त्यांची मानकं ठरवणारी संस्था, आपला ए-फोर कागद सुद्धा त्यांच्याच १९२२च्या मानकातला.

एक वही करा, डाव्या बाजूला मॅन्युअलमधला शब्द, उजव्या बाजूला शॉप फ्लोअरवर तुम्ही जो म्हणता तोच शब्द, डिक्शनरीतला नको. रोज ५ शब्द पुरे. सुरुवात मॅन्युअलच्या सेफ्टीच्या पानापासून करा, तिथे आख्टुंग आणि फोरझिश्ट हे दोन शब्द सारखे भेटतील, लक्ष द्या आणि जपून. आणि मशीनवरच्या त्या लाल बटणावर बहुतेक नोट-आउस लिहिलेलं असेल, नोट म्हणजे संकट, आउस म्हणजे बंद. उद्या ड्युटीवर गेलात की बघा आणि वहीत पहिला तोच लिहा.